आधी त्याचं नाव घे

ताई,

मी २९ वर्षांची. घर छत्रपती संभाजीनगरला, नोकरी पुण्यात. चार वर्षांपासून मी ज्याच्यासोबत आहे तो नैरोबीचा, केनियन आहे. पुण्यात शिकायला आला, इथेच नोकरी लागली. आता आम्हाला लग्न करायचं आहे.

बाबा निवृत्त शिक्षक. त्याला भेटून ‘मुलगा चांगला आहे’ म्हणाले आणि दोन दिवसांनी अट घातली : कोर्टात सह्या करा, माझ्या लग्नासाठी ठेवलेली ९ लाखांची एफडी ते मला देतील, पण इथे काही करायचं नाही. हॉल नाही, पत्रिका नाही, रिसेप्शन नाही. मोठ्या बहिणीच्या लग्नात सातशे पानं उठली होती. त्या लग्नाला काकांनी ५ लाख दिले होते, त्यातले २ लाख अजून फेडायचेत, म्हणून काकांचा शब्द घरात चालतो. काका म्हणाले, ‘मांडवात हबशी जावई बसवणार का? कागदपत्रांसाठी लग्न करतात हे लोक.’ आई पंधरा दिवस बोलली नाही. मग म्हणाली, घरच्या घरी छोटंसं काहीतरी करू, फोटोवाल्याला सांगू जरा उजळ करायला.

त्याची आई बाजारात वापरलेले कपडे विकते. मी घरी ‘गारमेंटचा व्यवसाय आहे’ असं सांगितलंय. तिला लग्नाला यायचंय आणि त्यांच्या किकुयू जमातीच्या रीतीप्रमाणे मुलीच्या आईवडिलांना काही द्यायचंय. त्याला रुराशिओ म्हणतात. ते ऐकून आई म्हणाली, ‘म्हणजे आमच्या मुलीची किंमत लावणार?’

एफडी घेऊन मोकळं व्हावं का? पैशांची गरज आहे. घराचं डिपॉझिट, त्याच्या आईचं तिकीट. तो म्हणतो, तू ठरवशील तसं.

– धाकटी

*

धाकटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पेन्सिलीनं काय शोधलं ते शेवटी सांगते. आधी तू विचारलंस ते, म्हणजे पैसे.

बाबांनी नुसतं असं म्हटलं असतं की ‘हॉलवर उधळण्यापेक्षा हे नऊ लाख संसाराला घ्या’, तर मी त्यांना इथूनच हात जोडले असते. चार तासांच्या डेकोरेशनसाठी कर्ज काढणाऱ्या बापांना मी या सदरातून किती वेळा ओरडले आहे ते जुन्या वाचकांना ठाऊक आहे. पण याच माणसानं मोठीच्या लग्नात भावाकडून उसने घेऊन सातशे पानं वाढली. तेव्हा न आठवलेली काटकसर आता आठवते आहे, म्हणून बाबांना एक प्रश्न विचार. भांडणाच्या सुरात नको. ते एकटे असतील तेव्हा विचार. ‘बाबा, मुलगा जालन्याचा असता तर तुम्ही हेच म्हणाला असता का?’ एवढं विचारून गप्प बस. उत्तर तू देऊ नकोस. मास्तर आहेत. पोराला प्रश्न विचारून वाट बघत थांबायचं असतं, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं कळतं.

बाबा मला वाईट वाटत नाहीत, घाबरलेले वाटतात. तुमच्या घरात आहेराची वही असेल. आमच्याकडे होती. लाल कापडी बांधणीची, वडिलांच्या अक्षरात : कोणाच्या लग्नात किती दिले, आपल्याकडे कोणी किती दिले, साडी की पाकीट. तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या मांडवात जाऊन नोंदी केलेल्या माणसाला आपल्या मांडवात ते सगळे लोक आले नाहीत तर काय, ही धास्ती असते. आले आणि स्टेजकडे बघून कुजबुजले तर काय, ही त्याहून मोठी. नऊ लाख देऊन ते ती संध्याकाळ टाळू बघतायत. त्यांची भीती समजून घे, पण तिची फी म्हणून एफडी घेऊ नकोस. घेतलीस तर या घरात तुझ्या नवऱ्याला न दाखवण्याचे पैसे तू घेतलेस, अशी नोंद होईल. वहीत नाही झाली तरी तुझ्या डोक्यात होईल. पुढे बारशाला, वास्तुशांतीला, बाबांच्या पंच्याहत्तरीला तीच अट पुन्हा निघेल, आणि तेव्हा तुला ‘तेव्हा नाही बोललीस’ हे ऐकावं लागेल.

अट काढून पैसे दिले तर डोळे मिटून घे. पण त्यातसुद्धा माझी एक सूचना आहे : आधी काकांचे दोन लाख फेडायला सांग. मुदतीआधी एफडी मोडली तर व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. पत्रात तू स्वतःच लिहिलं आहेस की त्या पैशांमुळे काकांचा शब्द चालतो. मोठ्या मुलीच्या लग्नाचं कर्ज धाकटीच्या लग्नात मत देत बसलंय, हे काही बरं नाही.

आता काका. कागदपत्रांचा मुद्दा खोडायला सोपा आहे. परदेशी माणसानं भारतीय मुलीशी लग्न केलं की त्याला नागरिकत्व मिळतं, हा गैरसमज आहे. लग्नाच्या आधारे नोंदणीनं नागरिकत्व मागायचं तर अर्जाआधी सात वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. परदेशी माणसाला इथे दीर्घकाळ राहता यावं म्हणून मिळणाऱ्या ओसीआय कार्डसाठीसुद्धा लग्न नोंदवून किमान दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. कागदांसाठी लग्न करणाऱ्याला यापेक्षा सोपे रस्ते सापडतील. तुझं नागरिकत्वही या लग्नानं जात नाही, कारण काकांची पुढची ओळ तीच असणार.

आणि ‘हबशी’. अगं, तुमचं शहर वसवलं कोणी? इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला आणि त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याची. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. १६२६ मध्ये वारला, कबर खुलताबादला आहे, तुमच्या घरापासून तासाभरावर. म्हणजे काका ज्या गावात बसून तो शब्द शिवीसारखा वापरतात, ते गावच एका हबशानं वसवलेलं.

हे मी तुझ्यासाठी लिहिलं, काकांच्या तोंडावर फेकायला नव्हे. फेकशील तर ते ‘तो वेगळा काळ होता’ म्हणतील आणि चहा मागवतील. तसंच ‘आपला विठोबा तरी कुठे गोरा आहे’ हे आईला ऐकवू नकोस. तिला ते तुझ्या आधीपासून पाठ आहे आणि त्यानं तिच्या मनातलं काही हललेलं नाही.

आईच्या त्या वाक्यापाशी मी जरा थांबले. ‘फोटोवाल्याला सांगू जरा उजळ करायला.’

मी सावळी. माझ्या लग्नात आत्यानं हळद दोन दिवस आधीपासून लावायला सांगितली होती, ‘जरा उजळेल’ म्हणून. उजळले नाही, नुसती पिवळी झाले. मग स्टुडिओवाल्यानं काम केलं. अल्बम अजून कपाटात आहे. पहिल्याच फोटोत माझा चेहरा गोरापान आहे आणि अंतरपाटाच्या खाली दिसणारे हात माझे आहेत. माझी नात तो फोटो बघून म्हणाली, ‘आजी, हे डोकं कोणाचं?’

तेव्हा तुझ्या आईला काय वाटतं ते मला आतून माहीत आहे. मोठ्या मुलीच्या बायोडेटात ‘वर्ण’ अशी ओळ असणार आणि तिथे ‘गोरा’, नाहीतर ‘निमगोरा’ लिहिलेलं असणार. आईच्या हिशेबात ती प्रेमानं मदत करते आहे. तरी तिला थांबव. फोटोग्राफरला पैसे तू दे आणि कोणाचाही रंग बदलायचा नाही हे तूच सांग, बस. आणि एक गोष्ट मीच मला बजावते : माझं सावळेपण आणि त्याचा काळा रंग एका पारड्यात घालता येत नाही. मला लोकांनी नाकं मुरडली, पण घर नाकारलं नाही. तुम्ही दोघं पुण्यात भाड्याचं घर बघायला जाता तेव्हा फोनवर रिकामा असलेला फ्लॅट दारात पोचेपर्यंत कसा भरतो, ते तुला मी सांगायला नको. तेव्हा ‘आम्हालाही लोक काळं म्हणायचे’ असं कोणी त्याला समजावू लागलं, तर ते त्याच्यापर्यंत पोचू देऊ नकोस.

इथपर्यंत तुला माझं पटलं असेल. आता जे लिहिते ते आवडणार नाही.

‘गारमेंटचा व्यवसाय.’ हे काकांनी म्हटलेलं नाही, आईनं नाही, बाबांनी नाही. हे तू म्हटलंस. का म्हटलंस तेही मला कळलं, कारण मराठी घरात वाढलेल्या कोणालाही कळेल. जुने कपडे म्हटलं की आईच्या तोंडी पहिला शब्द कोणता येईल? बोहारीण. दारात स्टीलची भांडी घेऊन बसणारी, पाच साड्यांवर एक पातेलं, आणि चहा द्यायचा तो वेगळ्या कपात. तुला आईच्या मनातली ती पायरी दिसली आणि सासूला त्या पायरीवर बसवायचं नव्हतं म्हणून तू तिला व्यावसायिक केलंस. हेतू चांगला होता. पण जिला लपवावं असं तुला वाटलं ती बाई तुझी सासू होणार आहे, आणि ती विमानातून उतरून स्वतः बोलणार आहे.

तिचं काम काय आहे ते तू कधी नीट विचारलंस का? नैरोबीत त्या कपड्यांना मितुंबा म्हणतात, म्हणजे गाठोडी. युरोप-अमेरिकेत लोकांनी टाकलेले कपडे दाबून बांधलेल्या गाठींनी येतात. विक्रेतीला ती गाठ न उघडता विकत घ्यावी लागते. आत काय निघेल ते नशीब. उघडायची, चांगलं-फाटकं वेगळं करायचं, धुवायचं, इस्त्री करायची आणि दिवसभर उभं राहून एकेक नग विकायचा. गाठ खराब निघाली की आठवडा गेला. त्यावर एका बाईनं मुलगा परदेशात शिकवला. तुझे वडील शिक्षक आहेत ना? फीसाठी आईनं काय काय केलं, हे ज्यांना ऐकून डोळ्यांत पाणी येतं अशा पिढीचे ते आहेत. हे त्यांना सांग, जसं आहे तसं. ‘बाबा, मी खोटं सांगितलं होतं’ यापासून सुरुवात कर. तू स्वतः लाज टाकलीस की बाबांना टाकायला सांगायचा तुला थोडा तरी अधिकार येईल. त्याआधी नाही.

रुराशिओचं ऐकून आईला किंमत लावल्यासारखं वाटलं. तिला देज हा शब्द आठवतो का विचार. नसेल तर तिच्या आजोळी कोणा म्हाताऱ्याला विचारू दे. आपल्याकडे वारल्यांत, कितीतरी शेतकरी जातींत, मुलाकडचेच मुलीच्या बापाला देज द्यायचे. कामाचे हात आमच्या घरी येणार, तर तुमच्या घरचे कमी होणार, असा साधा हिशेब. पैसा आला, शिक्षण आलं, वरच्यांचं बघून वागायची हौस आली, तसं देज गेलं आणि हुंडा आला. किकुयूंकडे हे पूर्वी बकऱ्यांत मोजायचे, आता बहुतेक ठिकाणी पैशांत. एकदाच सगळं देऊन हिशेब मिटवायची घाई त्यांच्यात नसते, दोन घरांचं येणंजाणं चालू राहावं अशी ती रीत आहे. आईनं मोठ्या मुलीच्या वेळी काय काय दिलं त्याची यादी तिला एकदा मनात करू दे. मग किंमत कोणाकडे लागते ते बोलू.

तरीपण सावध. आपला १९६१ चा हुंडाबंदी कायदा दोन्ही दिशांना बघतो : लग्नाच्या संबंधात एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, अगदी मुलीच्या आईवडिलांना दिलेलंही त्यात येतं, आणि देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे. मागणी न करता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे वधूला किंवा वराला दिलेल्या भेटी चालतात, त्यांची यादी ठेवायची असते. तेव्हा बैठक होऊ दे, मोठ्यांनी बोलू दे, पण रक्कम ठरवायची नाही. सासूबाईंना जे द्यायचं ते तुझ्या हातात देऊ दे, यादी करून. त्यांना हे आधी सांगायचं काम त्याचं.

लग्न कसं करायचं? रजिस्टर पद्धतीनंच कर. बाबांनी सांगितलं म्हणून नव्हे. तुमचे धर्म आणि देश वेगळे आहेत, तेव्हा १९५४ चा विशेष विवाह कायदा हाच सरळ मार्ग. याला सगळे कोर्ट मॅरेज म्हणतात पण कोर्टाचा त्यात संबंध नाही, विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात होतं. दोघांपैकी एकजण नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा, तसे तुम्ही दोघंही आहात. त्याला पासपोर्ट-व्हिसासोबत अविवाहित असल्याचा दाखला त्याच्या वकिलातीकडून आणावा लागेल, आत्तापासूनच त्याला त्या कामाला लागू दे, कारण वेळ तिथेच जातो. नोटीस ३० दिवस फळ्यावर लागते. हरकत कोणीही घेऊ शकतं, पण ती कायद्यानं दिलेल्या कारणांवरच : आधीचं लग्न, वय, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता. ‘काकांना मान्य नाही’ हे कारण त्या यादीत नाही.

आणि आता गंमत बघ. तुझा कायमचा पत्ता संभाजीनगरचा असेल, तर पुण्याच्या अधिकाऱ्याला नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवावी लागते आणि ती तिथल्या फळ्यावरही लागते. बाबांना गुपचूप हवं होतं ना? गुपचूप व्हायची सोयच नाही. त्यांना हे फळ्यावरून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे.

सह्यांनंतर पुण्यात साठ-सत्तर माणसांचं जेवण ठेवा, तुमच्या दोघांच्या पगारातून जेवढं झेपेल तेवढंच. पत्रिका मात्र छापा, मराठीत आणि इंग्रजीत. दोन्ही घरांची नावं सारख्याच टायपात, त्याच्या आईचं पूर्ण नाव, गाव नैरोबी. काकांना पत्रिका हातात नेऊन दे आणि वाकून नमस्कार कर. येतील न येतील. आई येईल असं मला वाटतं. फोटोच्या निमित्तानं का होईना, तिनं मनात कार्यक्रम रंगवायला घेतला आहे हे तुझ्या लक्षात आलं नाही का? बाबा आधी ‘बघू’ म्हणतील. त्यांच्या आहेराच्या वहीतून दहा नावं निवडायला त्यांनाच सांग. जी माणसं नक्की येतील आणि नीट वागतील अशी दहा. दहा सापडतात माणसाला.

‘तो म्हणतो, तू ठरवशील तसं.’ काका काय म्हणाले, आई फोटोबद्दल काय म्हणाली, हे त्याला माहीत आहे का? तुझ्या पत्रावरून वाटतं, नाही. मग तो ठरवणार कशावर? आणि तुला वाटतं त्यापेक्षा त्याला ते कमी नवीन असेल.

आता पेन्सिलीचं. तीन वेळा वाचून मी तुझ्या पत्रात त्याचं नाव शोधत होते. नाही. ‘ज्याच्यासोबत आहे तो’, ‘त्याची आई’, ‘तो म्हणतो’. छापून येईल म्हणून टाळलंस, हे मान्य. पण खोटं नावही नाही घातलंस. घरी फोनवर काय म्हणतेस? ‘आम्ही’ म्हणत असशील, ‘माझा फ्रेंड’ म्हणत असशील.

आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची लाज, म्हणून उखाण्यात घालून घ्यायचं, आणि सगळ्या बायका दाराशी अडवून ‘नाव घे, नाव घे’ करायच्या. तुला अडवायला कोणी बाई येणार नाही कदाचित. पण त्या १९५४ च्या कायद्यात एक अट आहे : अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या समक्ष, तुम्हाला कळणाऱ्या कोणत्याही भाषेत, एकमेकांचं नाव घेऊन ‘मी अमुक, तुला अमुकला कायदेशीर पती म्हणून स्वीकारते’ असं म्हणावं लागतं. ते म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. मराठीत म्हण. आणि त्याची सवय व्हावी म्हणून येत्या रविवारी आईला फोन करशील तेव्हा पहिल्याच वाक्यात त्याचं नाव घे, आडनावासकट.

– ताई